कार्बोरेटर साफ करायला अर्धा तास

"कार्बोरेटर साफ करायचाय, एवढंच. अर्धा तास धरा," असं मी सुहासला सांगितलं, तेव्हा विनोदिनी पोह्यांच्या बशा घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. ती दारातच थांबली. छत्तीस वर्षांच्या संसारात मी ज्या ज्या कामाला अर्धा तास धरला, ती सगळी कामं तिच्या डोळ्यांपुढून गेली असावीत. कारण तिने सुहासच्या पोह्यांवर जरा जास्तच खोबरं घातलं. आधीच सांत्वन केल्यासारखं.

सुहास म्हणजे आंबेनळी घाटाच्या रस्त्याला जे नवं रिसॉर्ट उभं राहतंय, त्याचा मॅनेजर. तिशीतला, नम्र, सारखा फोन वाजणारा मुलगा. त्याला आमच्या नात्याच्या शेतावरचा ट्रॅक्टर हवा होता. नातं म्हणजे नातेवाईक नव्हेत, महाडजवळचं नाते गाव. तिथल्या पडवीत माझ्या वडिलांनी घेतलेला विलायती ट्रॅक्टर पंचवीस वर्षं गोणपाट पांघरून उभा होता. हल्लीच्या डिझेलच्या ट्रॅक्टरांना कार्बोरेटर नसतो. आमचा त्या आधीचा. पेट्रोलवर सुरू व्हायचा, तापला की रॉकेलवर चालायचा, आणि हवा नि पेट्रोल यांचं मिश्रण करणारा एक बिडाचा ठोकळा त्याच्या पोटाशी लटकलेला होता. तोच तो कार्बोरेटर.

"सर, उद्घाटनाला ट्रॅक्टर चालत आत आला पाहिजे," सुहास म्हणाला. "मग तो कायमचा आमच्या लॉनवर. आणि खाली तुमच्या वडिलांच्या नावाची पाटी."

पाटी म्हटल्यावर मी विरघळलो. शब्द देऊन टाकला. शिवाय महाडच्या शाळेत मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. इंजिनाची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढतो, कार्बोरेटरसकट, बाणांसकट. फळ्यावरच्या इंजिनाचे स्क्रू गंजत नाहीत, ही बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात यायला चौतीस वर्षं अधिक एक सकाळ लागली.

त्या सकाळी मी स्कूटरवरून नात्याला गेलो. पडवीला लागून सहदेवदादा आणि त्यांची बायको तुळसाकाकी राहतात. सहदेवदादा आमच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. आता त्र्याऐंशी वर्षांचे, हात थोडे कापतात आणि कान पार गेलेत. पण एके काळी अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्या हाताचा दबदबा होता. दुसऱ्या कुणी स्क्रू फिरवला की इंजिन खोकायचं, सहदेवदादांनी फिरवला की गुणगुणायचं. मला ते अजून चिंतूच म्हणतात, कारण लहानपणी त्यांनी मला मडगार्डवर बसवून फिरवलंय. तुळसाकाकी सर म्हणते, कारण तिची मुलं माझ्या हाताखालून गेली.

"दादा, ट्रॅक्टर रिसॉर्टला देतोय," मी ओरडून सांगितलं.

"हां," ते म्हणाले. "पोराचा पत्र आला नाय अजून."

काकीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं. दादांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुजा हाय. दे." आणि मला पाना आणून दिला. ते अंगणात निघून गेले आणि वाळत घातलेले वाल उगीचच हातानं सारखे करत बसले. हे मी पाहिलं. पण माझ्या डोक्यात तेव्हा पाटी होती.

कार्बोरेटर चार स्क्रूंनी बसवलेला होता. तीन निघाले. चौथ्याने मला दोन तास झुंजवलं. शेवटी तुळसाकाकीने त्याच्यावर खोबरेल सोडलं, वर निखाऱ्यावर तापवलेली सळई धरली आणि म्हणाली, "आता फिरवा." फिरला. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. चांगलं चार खोल्यांचं, हवा यायच्या वाटेतच. पंचवीस वर्षांत निदान कुणाचा तरी संसार तिथे सुखाने झाला, असं मनाशी म्हणत मी तो ठोकळा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणला.

इथून पुढे माझ्या कामात सोसायटी शिरली.

आमच्या वर मुकुल राहतो. एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून रॉकेलमध्ये भाग बुडवतोय हे त्याने वरून पाहिलं आणि हळहळला. "रॉकेल? काका, कुठल्या काळात आहात?" संध्याकाळी त्याने एक बाटली आणून दिली. म्हणाला, सौम्य द्रावण आहे. सौम्य या शब्दाचा कारखान्यातला अर्थ आणि घरातला अर्थ वेगळा असतो, हे आम्हाला फेस आल्यावर कळलं. कार्बोरेटरवरची घाण गेली. बाल्कनीच्या तीन फरशांचा रंगही गेला. विनोदिनी बाहेर आली, फरशांकडे बघितलं, मुकुलला म्हणाली, "चहा घेशील ना रे?" माझ्याशी बोलली नाही.

समोरच्या इरावतीबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त आहेत. कार्बोरेटरच्या आत जेट म्हणून एक पितळी तुकडा असतो, त्याला सुईच्या अग्राएवढं भोक असतं आणि त्यातून पेट्रोल येतं. ते भोक बुजलं होतं. इरावतीबाईंनी चष्मा लावून ते उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हे रूट कॅनल आहे." मग त्यांनी आपली जुनी हत्यारं काढली आणि वीस मिनिटांत मोकळं करून दिलं. सोसायटीच्या सल्ल्यांपैकी फुकट न गेलेला हा एवढाच. तोही देऊन झाल्यावर त्यांनी माझे दात बघितले आणि दोन ठिकाणी मान हलवली.

रात्री मी सगळे भाग धुऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर फडक्यावर मांडले. त्यात फ्लोट होता. फ्लोट म्हणजे पातळ पितळेचा पोकळ डबा, लाडवाएवढा. तो पेट्रोलच्या वाटीत तरंगतो आणि वाटी भरली की वर येऊन पेट्रोल थांबवतो. संडासाच्या टाकीत असतो तसाच, पण हे उदाहरण मी वर्गात कधी देत नसे.

सकाळी आमच्याकडे भांड्यांना काशीबाई येतात. मी अंघोळ करून बाहेर आलो तर फ्लोट सोन्यासारखा झळकत होता. चिंच आणि तारेची घासणी. काशीबाई अभिमानाने म्हणाल्या, "कसली डबी हो ही? झाकनच निघत नाय. किती काळी केलीवती!" मी तो कानाशी धरून हलवला. आत पाणी खळखळलं. पन्नास-साठ वर्षांच्या त्या पातळ पत्र्याला घासणीने भोक पाडलं होतं. काशीबाईंना काही बोलणं शक्य नव्हतं. आमच्या घरात मी रागावलो तर चालतं, काशीबाई रागावल्या तर चालत नाही.

असा फ्लोट आता कुठेही मिळत नाही. मग कुणीतरी सोमा सोनाराचं नाव सुचवलं. सोमाने काळ्या कापडावर फ्लोट ठेवला आणि विचारलं, "वहिनींचा?"

"ट्रॅक्टरचा."

त्याने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मग मुकाट्याने भोक शोधलं, आतलं पाणी तापवून घालवलं आणि इतका नाजूक डाग दिला की जागा सापडू नये. डाग जास्त जाड झाला तर फ्लोट जड होऊन बुडेल, हे त्याला सांगावं लागलं नाही. पावतीवर त्याने लिहिलं, "एक नग, पितळी, बिनखड्याचा." तो डबीत घालून दिला, लाल कागदात गुंडाळून. वाटेत बायकोच्या मैत्रिणी भेटल्या. त्यांनी ती डबी पाहिली आणि संध्याकाळपर्यंत विनोदिनीला तीन अभिनंदनाचे फोन आले. त्या रात्री जेवणात फक्त आमटी-भात होता.

आता पेट्रोल. पंपावरच्या माणसाने माझ्या हातातला कॅन पाहूनच मान फिरवली. "कॅनमध्ये देत नाय. गाडी आणा."

"गाडी बंद आहे. तिच्यासाठीच पेट्रोल हवंय."

"मग चालू करून आणा."

वाद घालता येणार नाही इतकं हे सरळ होतं. शेवटी तो म्हणाला, शेतीसाठी आहे असं पत्र आणा. म्हणून मी तलाठ्यांकडे गेलो. आता त्यांच्या पदाचं नाव लांब झालंय, पण कार्यालयातलं बाकडं तेच आहे. ते गृहस्थ भले होते. त्यांनी मनापासून मदत करायचं ठरवलं आणि मी घाबरलो. "ट्रॅक्टर सातबाऱ्यावर आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ट्रॅक्टर सातबाऱ्यावर कसा असेल? ते म्हणाले, "विहीर असते. झाडं असतात. पंचवीस वर्षं एका जागी आहे म्हणता, तर पंचनामा करून बघू." पुढच्या आठवड्यात पाहणीला येतो म्हणाले. मी आभार मानून पळ काढला. पाहणी झाली असती तर आमच्या ट्रॅक्टरची नोंद फळझाडांत झाली असती अशी मला रास्त भीती होती.

तोडगा विनोदिनीने काढला. "स्कूटरची टाकी भरून घ्या आणि तिथे जाऊन नळीने काढा." मी तसंच केलं. नळीने पेट्रोल काढताना तोंडाने ओढावं लागतं आणि योग्य क्षणी थांबावं लागतं. योग्य क्षण मला समजला, पण किंचित उशिरा. दोन दिवस मला प्रत्येक पदार्थ पेट्रोलचा लागत होता आणि काशीबाई गॅसजवळ मला उभं राहू देत नव्हत्या.

तर कार्बोरेटर बसवला. एक स्क्रू उरला. तो कुठला हे मला आजही ठाऊक नाही, खिशात आहे. वडिलांच्या पेटीतलं इंग्रजी पुस्तक उघडून मी हवेचा स्क्रू पूर्ण आवळला आणि मोजून दीड वेढा सोडला. मग समोर हँडल लावलं आणि फिरवलं. हँडलने उलटा झटका दिला. माझा अंगठा मागे वळला आणि मी वाळत घातलेल्या वालांवर जाऊन बसलो.

"अंगठा आतून घ्यायचा नाय, सर," तुळसाकाकी म्हणाली. "पाची बोटा एकाच बाजूला. बाजूला व्हा."

ती बहात्तर वर्षांची आहे, पाच फुटांच्या आतली. तिने पदर खोचला, हँडल खालून धरलं आणि एकच हिसका वर दिला. इंजिनाने एक मोठी शिंक दिली, काळा धूर सोडला, पडवीतल्या कोंबड्या कौलांवर गेल्या, आणि ते सुरू झालं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. "पंचवीस वरसा मीच तर मारायची," ती म्हणाली. "हे वर बसायचे."

पण इंजिन नीट चालेना. खोकायचं, थांबायचं, परत खोकायचं. पुस्तकातल्या दीड वेढ्याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नव्हता. सहदेवदादा उठले, माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि कापत्या हाताने स्क्रूच्या खाचेत बसवला. बहिरा माणूस इंजिन कसा लावणार, असं माझ्या मनात आलं. दादांनी मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. उंबऱ्यावर तुळसाकाकी सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली होती. तिने सूप न थांबवता डाव्या हाताचं एक बोट वर केलं. दादांनी स्क्रू पाव वेढा सोडला. खोकला कमी झाला. दादांनी परत पाहिलं. बोट वर. परत पाव. मग बोट आडवं झालं, दादांनी केसभर मागे घेतला, आणि ते इंजिन असं गुणगुणायला लागलं की मला ट्रॅक्टरपुढे बांधावरून चालणाऱ्या माझ्या वडिलांची पाठ दिसली.

पंचक्रोशीत ज्या हाताचा दबदबा होता, तो हात पहिल्यापासून उंबऱ्याकडे बघत होता तर!

मी दादांकडे बघितलं. त्यांना कळलं की मला कळलंय. ते ओशाळले. "हात माजाच हाय," ते म्हणाले. "कान तिचा."

"कुणाला सांगू नका हा, सर," काकी घाईने म्हणाली. "लोका हसतील ह्यांना."

त्या दिवसापासून मला झोप नीट लागेना. रोज सकाळी काहीतरी कारण काढून नात्याला जायचो. काकी हँडल मारायची, दहा मिनिटं इंजिन चालायचं. दादा बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे. त्यांना आवाज हातातून ऐकू येत असावा. विनोदिनीने दोनदा विचारलं, "मग? द्यायचा आहे ना?" मी म्हटलं, शब्द दिलाय. मास्तराने शब्द दिलाय. आपलं हे वाक्य मला चांगलंच रुबाबदार वाटायचं. फक्त ते बोलल्यावर मी लगेच स्कूटरची किल्ली शोधायला लागायचो.

ठरलेल्या दिवशी सुहास आला, मागे ट्रक. विनोदिनीही माझ्यामागे स्कूटरवर बसून आली होती. सुहासने उत्साहाने मोबाईल काढला. "सर, फायनल डिझाईन बघा." चित्रात आमचा ट्रॅक्टर गुलाबी होता. बॉनेट उघडं, इंजिन गायब, आणि त्या जागी मातीत लावलेल्या बोगनवेली. "एकदा एन्ट्री झाली की इंजिन काढून टाकू. खूप छान सेल्फी पॉइंट होईल."

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी फडकं घेतलं, टाकी पुसतोय असं दाखवलं आणि टाकीखालचा पेट्रोलचा नळ हळूच बंद केला. पंचावन्न दिवस ज्या गोष्टीसाठी खपलो, ती बिघडवायला मला दोन बोटं पुरली. वाटीत होतं तेवढ्या पेट्रोलवर इंजिन मिनिटभर चालेल, मग मरेल. चालू स्थितीत नाही म्हटल्यावर करार आपोआपच मोडेल. शब्द मोडणारा मी नव्हे, कार्बोरेटर. विज्ञानाचा असा उपयोग मी आयुष्यात पहिल्यांदाच केला.

काकीने हँडल मारलं. सुरू झालं. सुहास व्हिडिओ काढायला लागला. मिनिटभराने इंजिन अडखळलं, दोन आचके दिले आणि गप्प झालं.

"अरेरे," मी म्हणालो. माझ्या मते चांगलं म्हणालो.

सुहासचा चेहरा पडला. "सर, वर्किंग कंडिशन म्हणाला होतात..."

तेव्हा तुळसाकाकी पुढे आली. तिने माझा पडलेला चेहरा पाहिला होता, आणि परक्या माणसासमोर सरांची शोभा होतेय हे तिला सहन झालं नाही. "सरांचा काय चुकला नाय," ती सुहासला ठणकावून म्हणाली. "सर दोन महिने खपलेत. नळ बंद राह्यलाय वाटता." तिने वाकून नळ उघडला, परत हँडल मारलं, आणि माझ्याकडे बघून हसली. इंजिन गुणगुणायला लागलं. असं की त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"द्यायचा नाही," मी म्हणालो.

"काय?" सुहास. आवाजात त्याला ऐकू गेलं नव्हतं.

"द्यायचा नाही!"

"काय म्हणताय, सर?"

"ट्रॅक्टर देणार नाही! नळ मीच बंद केला होता!" हे मी इतक्या जोरात ओरडलो की वाडीतली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. चौतीस वर्षांची अब्रू एका वाक्यात वाडीभर झाली.

विनोदिनीने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, कारण मी त्याने घाम पुसत होतो आणि ते ग्रीसचं होतं. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं बोलताय की नाही."

सुहास कट्ट्यावर बसला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "सर, पंधरा तारखेला तिथे काहीतरी उभं करायला लागेल मला," तो हळू म्हणाला. "मालक मलाच बोलणार." काकीला त्याची दया आली. तिने त्याला ताक दिलं आणि माळ्यावरचा जुना लाकडी नांगर दाखवला. नांगर खरोखरच देखणा होता, आणि त्याच्या आत इंजिन नव्हतं. सुहासने चारही बाजूंनी फोटो काढले, मालकाशी फोनवर बोलला आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं अर्धं उतरलेलं दिसलं. नांगर ट्रकमध्ये चढला. जाताना त्याने कागदात गुंडाळलेली पाटी आणून माझ्या हातात ठेवली. "ही तयार झाली होती, सर. तुमच्या वडिलांची आहे, तुम्हीच ठेवा." मी त्याचा हात धरला.

इंजिन चालूच होतं. सहदेवदादांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते गेलेल्या ट्रककडे आणि उभ्या ट्रॅक्टरकडे आळीपाळीने बघत होते. काकी त्यांच्या कानाशी गेली. "देत नाय म्हनतायत सर! ऱ्हाणार हाय!"

दादांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या सीटवरची धूळ बाहीने पुसली आणि काकीला म्हणाले, "चढ."

"मी?"

"चढ गो. आयुष्यभर पुढंच उभी राह्यलीस."

"मला कुठं येता..."

"आवाज तर तुलाच कळता. चढ."

ती लाजली. बांधावरच्या बायांकडे बघितलं, पदर आवळला आणि चढली. तिचे पाय पेडलला पुरेनात, म्हणून ती सीटच्या अगदी कडेवर सरकली. दादांनी तिचा पाय धरून क्लचवर ठेवला, आपल्या कापत्या हाताने पहिला गिअर टाकला आणि पाय हळूहळू सोडायला लावला. ट्रॅक्टरने एक हिसका दिला आणि पडवीतून उन्हात आला.

समोर भात कापलेलं मोठं खाचर मोकळं होतं. तुळसाकाकी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून चालायच्या वेगाने निघाली. पहिला फेरा तिने मान ताठ ठेवून काढला. दुसऱ्या फेऱ्याला तिने आमच्याकडे बघितलं. तिसऱ्याला तिने एक हात सोडला आणि बांधावरच्या बायांना दाखवला. त्या ओरडायला लागल्या. दादा खाचराच्या मधोमध उभे राहून तिच्या मागोमाग जागच्या जागी वळत होते.

चौथ्या फेऱ्याला विनोदिनी मला म्हणाली, "अहो, थांबवायचं कसं ते तिला सांगितलंय का कुणी?"

मी दादांकडे धावलो, त्यांच्या कानाशी ओरडलो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, कारण मी मध्ये आलो होतो आणि ती दिसत नव्हती. थांबवायचं कसं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि तिनेही विचारलं नाही.